स्फेकोमिर्मा फ्रेयी : तृणमणीतल्या दोन मुंग्या आणि एका शृंगिकेवरून पेटलेला वाद

वारूळ (धागाकर्ता)

मुंग्यांविषयीच्या मागच्या चर्चेत मी स्फेकोमिर्मा फ्रेयी या नामशेष मुंगीचा उल्लेख 'पहिली मुंगी' असा केला होता आणि त्यावर दोन सदस्यांनी आक्षेप घेतला होता. आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर लिहायला बसलो तेव्हा ते प्रतिसादाच्या चौकटीत मावेना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंग्यांच्या पूर्वेतिहासाबद्दल जे काही ठाऊक होते ते प्रामुख्याने बाल्टिक समुद्राकाठच्या तृणमणीतून, म्हणजे झाडांच्या घट्ट होऊन जीवाश्म झालेल्या स्रावातून, आलेले होते. गुस्ताव मायर यांनी १८६८ साली आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी त्या मुंग्यांचा सविस्तर अभ्यास केला. अडचण अशी होती की सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या त्या मुंग्या आजच्या मुंग्यांसारख्याच होत्या. त्यांतल्या कित्येक तर आजही जिवंत असलेल्या प्रजातींच्या अगदी जवळच्या नात्यातल्या निघाल्या. याचा अर्थ मुंग्यांचा उगम त्याहून फार मागे, डायनासोरांच्या काळात शोधायला हवा होता आणि त्या काळातली एकही निर्विवाद मुंगी कोणाच्या हाती नव्हती.

मग अभ्यासकांनी उलटा मार्ग धरला. जिवंत मुंग्यांपैकी सर्वांत जुन्या धाटणीची कोणती, याचा शोध सुरू झाला. ऑस्ट्रेलियात १९३१ साली नोथोमिर्मेशिया नावाच्या मुंगीचे नमुने मिळाले होते, १९३४ साली जॉन क्लार्क यांनी तिचे वर्णनही केले होते, परंतु त्यानंतर ती पुन्हा कोणाला सापडेना. १९५५ साली मुंग्यांचे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड विल्सन स्वतः तिच्या मागावर ऑस्ट्रेलियात गेले आणि हात हलवत परतले. ती अखेर १९७७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पूचेरा गावाजवळ रॉबर्ट टेलर यांना एका थंड रात्री सापडली. मूळ ठिकाण म्हणून जे समजले जात होते तिथून शेकडो किलोमीटर दूर. पण ती पुढची गोष्ट. साठच्या दशकात विल्सन आणि त्यांचे सहकारी विल्यम ब्राउन यांच्यापुढे जिवंत मुंग्या आणि गांधीलमाश्या यांची तुलना करून आदिम मुंगी कशी असेल याचे अनुमान बांधणे, एवढाच पर्याय उरला होता.

१९६६ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात क्लिफवूड येथे, समुद्रकाठच्या कड्याच्या पायथ्याशी, एडमंड फ्राय आणि त्यांच्या पत्नी खनिजे गोळा करत होते. चिकणमातीतून त्यांना तृणमणीचा एक तुकडा मिळाला आणि त्यात दोन मुंग्या होत्या. तो तुकडा प्रिन्स्टनच्या डोनाल्ड बेअर्ड यांच्यामार्फत हार्वर्ड विद्यापीठात जीवाश्म कीटकांचे अभ्यासक फ्रँक कार्पेंटर यांच्याकडे पोहोचला आणि कार्पेंटर यांनी विल्सन यांना बोलावले. विल्सन यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवले आहे की तो तुकडा हातात घेताना ते इतके अधीर झाले होते की तो निसटून जमिनीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. दैव असे की प्रत्येक तुकड्यात एकेक मुंगी धड राहिली. इतक्या कोटी वर्षांच्या वस्तूचे असे होताना पाहून त्या खोलीत क्षणभर काय शांतता पसरली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९६७ साली विल्सन, कार्पेंटर आणि ब्राउन यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. स्फेकोमिर्मा म्हणजे 'गांधीलमाशी-मुंगी' आणि फ्रेयी हे फ्राय दांपत्याच्या सन्मानार्थ. नाव चपखल होते. तिचे जबडे आखूड आणि दोनच दात असलेले, म्हणजे गांधीलमाशीच्या वळणाचे. डोळे मोठे, डोक्यावर साध्या डोळ्यांचे ठिपके, मागे नांगी. परंतु कंबर मुंगीची होती, तिच्यावर मुंगीची ती विशिष्ट गाठ होती, पंख नव्हते आणि छातीच्या मागच्या बाजूला, शेवटच्या पायांच्या वर, मुंग्यांची ओळख मानली जाणारी ग्रंथी असल्याच्या खुणाही लेखकांना दिसल्या. या ग्रंथीतून जंतुनाशक स्राव पाझरतात. दमट मातीत, बुरशीच्या शेजारी संसार थाटणाऱ्या प्राण्याला तिचे मोल किती असेल ते सांगायला नको.

म्हणजे कागदावर मांडलेले अनुमान बऱ्याच अंशी खरे ठरले होते. मात्र एक अवयव पेचात टाकणारा निघाला, आणि माझ्या मते या मुंगीची खरी गोष्ट तिथेच सुरू होते. तो अवयव म्हणजे शृंगिका, डोक्यावरची स्पर्शिका.

ज्यांच्याकडे साधे भिंग आहे त्यांनी एखाद्या मुंगळ्याची शृंगिका जरूर पाहावी. मी काल अंगणातल्या कट्ट्यावर साखरपाण्याचा थेंब ठेवून पाहिली. डोक्यातून निघणारा पहिला सांधा सरळ आणि लांब असतो; त्याला आपण दांडा म्हणू. त्यानंतर शृंगिका कोपरात दुमडल्यासारखी वळते आणि पुढे लहान लहान सांध्यांची लवचिक साखळी असते. या कोपरामुळे मुंगळा शृंगिकेचे टोक थेट जबड्यांसमोर आणून थेंब चाचपत होता. पोट भरल्यावर त्याने पुढचा पाय वर घेतला, शृंगिका त्या पायावरच्या कंगव्यातून बुडापासून टोकापर्यंत ओढली आणि मग दुसरी. स्फेकोमिर्माचा दांडा आखूड होता आणि पुढची साखळी लांबलचक, गांधीलमाशीसारखी. एवढ्या फरकावरून पुढची वीस-पंचवीस वर्षे वाद झाला. त्याबद्दल खालच्या प्रतिसादांत लिहितो, नाहीतर हा धागा वाचायला कोणी उरणार नाही.

सांजपक्षी

लेख आवडला. 'तृणमणी' हा शब्द पाहून विशेष आनंद झाला, कारण हल्ली सगळे 'अंबर' लिहितात आणि घोटाळा होतो. अंबर म्हणजे मूळचा देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थ. त्याचा झाडाशी काही संबंध नाही. तृणमणी घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी. फारसीतला कहरुबा हा शब्दही त्याच अर्थाचा, काडी पळवणारा. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत आणि विजेचे इंग्रजी नाव तिथूनच आले.

शंका अशी की झाडाच्या डिंकाचा तृणमणी होतो असे शाळेत शिकवले होते, ते बरोबर आहे काय?

मूलद्रव्य

शिकवले ते चुकीचे होते. डिंक आणि राळ हे वेगळे पदार्थ आहेत. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणूनच आपण त्याचे लाडू खाऊ शकतो. राळ पाण्यात विरघळत नाही. निखाऱ्यावर टाकली की सुगंधी धूर देते. तृणमणी राळेपासूनच होतो. राळेतले हलके, उडून जाणारे घटक निघून जातात आणि उरलेल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. ही जोडणी अर्धवट झालेली असते तेव्हा त्या पदार्थाला कोपल म्हणतात. जुन्या व्यापारी भाषेत चंद्रस म्हणत तो याच जातीचा. जोडणी पूर्ण होऊन टणक, स्थिर पदार्थ तयार व्हायला लाखो वर्षे जातात आणि त्यासाठी राळ गाळाखाली गाडली जावी लागते. उघड्यावर राहिली तर हवेने तिची वाट लागते.

संग्रहालयातही हा धोका टळत नाही. न्यू जर्सीचा तृणमणी विशेष ठिसूळ असतो, त्याला भेगा पडतात, म्हणून तिथले अभ्यासक महत्त्वाचे तुकडे कृत्रिम राळेत बसवून मगच घासतात आणि चकाकी देतात. विल्सन यांच्या हातून पडलेला तुकडा फुटला यात त्यांचा सगळाच दोष नव्हता, असे मी म्हणेन.

अनघा कोकणातली

धागाकर्त्यांनी लिहिले आहे की छातीमागची ती ग्रंथी ही मुंग्यांची ओळख आहे. आमच्या काजूच्या झाडांवर पाने शिवून घरटी करणारे ओंबील असतात. त्यांच्यात ही ग्रंथी नसते असे मी वाचले आहे. मग ओंबील मुंग्या नव्हेत का?

वारूळ

अनघाताई, प्रश्न नेमका आहे. ओंबिलांमध्ये ती ग्रंथी नसते, आणि एवढेच नव्हे तर मी काल ज्या मुंगळ्याकडे पाहत बसलो होतो त्याच्या प्रजातीतही बहुतेक जातींमध्ये ती नाहीशी झाली आहे. पूर्वजांकडे होती, वंशजांनी गमावली. झाडावर पानांचे घर करणाऱ्याला मातीतल्या बुरशीचा त्रास कमी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. सापाला पाय नसले तरी तो चतुष्पादांच्याच वंशातला, तसाच हा प्रकार. एखादा अवयव आहे किंवा नाही एवढ्यावरून कुळ ठरवता येत नाही; बाकीच्या शरीराची साक्ष काढावी लागते.

आता शृंगिकेच्या वादाकडे वळतो. सोव्हिएत संघात गेन्नादी द्लुस्की हे मुंग्यांचे मोठे अभ्यासक होते. १९७५ पासून त्यांनी सायबेरिया आणि आसपासच्या प्रदेशांतल्या क्रिटेशस काळातील (डायनासोरांच्या युगाच्या शेवटच्या कालखंडातील) मुंगीसदृश जीवाश्मांवर काम केले. त्यांतले बरेचसे खडकावरचे ठसे होते आणि पंख असलेले होते. त्यांतल्या अनेकांसाठी त्यांनी वेगळे कूळ मांडले. त्यांचा युक्तिवाद असा. वारुळातल्या मुंगीची कामे म्हणजे अंडी, अळ्या आणि कोश उचलणे, फिरवणे, चाटणे, एकमेकींना अन्न भरवणे. ही सगळी कामे जबड्यांनी करायची आणि करताना शृंगिकेचे टोक जबड्यांपाशी आणून चाचपायचे. त्यासाठी लांब दांडा आणि कोपर हवेच. दांडा आखूड असेल तर टोक तोंडाशी येतच नाही. म्हणून, त्यांच्या मते, स्फेकोमिर्मा समाज करून राहत नसावी.

हा युक्तिवाद मला आजही देखणा वाटतो. केवळ एका सांध्याच्या लांबीवरून प्राण्याच्या संसाराचे चित्र उभे करायचे, यात धाडस आहे.

प्रश्नचिन्ह

परंतु त्या दोन्ही मुंग्या बिनपंखी होत्या ना? बिनपंखी मादी म्हणजे कामकरी, आणि कामकरी म्हणजे समाज. एवढ्यावर वाद मिटायला हवा होता.

वारूळ

एवढ्यावर मिटत नाही. मखमली मुंगी म्हणून जो कीटक ओळखला जातो, लाल-काळ्या लवेचा, जमिनीवर एकटाच लगबगीने धावणारा, ती खरी मुंगी नव्हे. ती गांधीलमाशीच्या जातकुळीतली असते, तिची मादी बिनपंखी असते आणि ती पूर्णपणे एकांडी जगते. त्यामुळे पंख नाहीत म्हणून ती कामकरी, असे म्हणता येत नाही.

विल्सन यांनी १९८७ साली या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिले. सगळे क्रिटेशस नमुने एकत्र मांडून मोजमापे घेतली आणि असे दाखवले की सोव्हिएत ठशांतले पंखवाले नमुने आणि अमेरिकन तृणमणीतले बिनपंखी नमुने ही वेगवेगळी कुळे मानण्याचे कारण नाही. ते एकाच गटातले राणी, नर आणि कामकरी असू शकतात. त्यांचे म्हणणे मला पटते, पण हेही नोंदवायला हवे की त्या वेळी त्यांच्या हातात कामकरी म्हणता येतील असे नमुने बोटांवर मोजण्याइतकेच होते. एका तुकड्यात दोन मुंग्या सापडल्या, हा योगायोगही असू शकतो. दोघी बाजूबाजूला असणे म्हणजे बहिणी असणे नव्हे. माझ्या दृष्टीने १९६७ ते १९९० या काळात वादाचे दोन्ही पक्ष एका तृणमणीच्या तुकड्यातून, तो जेवढे सांगू शकतो त्याहून अधिक वदवून घेण्याचा प्रयत्न करत होते.

खडकमाती

थोडे भूशास्त्र जोडतो. क्लिफवूडची ती चिकणमाती मॅगोथी नावाच्या स्तरसमूहातली आहे. वर्णन झाले तेव्हा तिचे वय सुमारे १० कोटी वर्षे धरले होते. आता ते ९ कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. त्याच भागात सेअरव्हिल येथे विटांसाठी चिकणमातीच्या खाणी होत्या. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे डेव्हिड ग्रिमाल्डी आणि हौशी संग्राहकांनी तिथे अक्षरशः चिखल चाळून तृणमणी गोळा केला. त्यातल्या कीटकांमध्ये मुंग्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी होते. आज जंगलात कुठेही हात घातला तरी मुंगी लागते. तेव्हा ती दुर्मीळ होती.

या खाणींतून १९९७ साली ब्राउनिमेशिया आणि २००० साली किरोमिर्मा नेफी या मुंग्यांचे वर्णन झाले. किरोमिर्माचे महत्त्व मला स्फेकोमिर्माइतकेच वाटते. तिच्या पोटाच्या टोकाला नांगीऐवजी आम्ल फवारणारे गोल छिद्र आहे. हे छिद्र म्हणजे आजच्या एका मोठ्या उपकुळाची खूण.

वारूळ

खडकमाती यांनी माझ्या मूळ चुकीचे उत्तरच देऊन टाकले आहे, त्यामुळे ते उलगडून सांगतो. ज्या उपकुळाचा त्यांनी उल्लेख केला त्यातच आपला मुंगळा येतो आणि अनघाताईंचे ओंबीलही येतात. ओंबील चावल्यावर जी झणझण होते ती त्याच आम्लाची. म्हणजे स्फेकोमिर्मा जिवंत असताना, त्याच प्रदेशात, ढोबळमानाने त्याच काळात, मुंगळ्याच्या नात्यातली एक आधुनिक मुंगी आधीच वावरत होती. मग स्फेकोमिर्मा आजच्या मुंग्यांची आजी कशी ठरेल? ती फार तर चुलत घराण्यातली. जुनी ठेवण जपून राहिलेली आणि पुढे वंश खुंटलेली. 'पहिली मुंगी' हा शब्दप्रयोग मी मागे घेतो. 'सर्वप्रथम ओळखली गेलेली क्रिटेशस मुंगी' असे म्हणायला हवे होते.

आणखी एक गंमत. १९६७ साली ज्या गांधीलमाश्यांच्या कुळाशी तिची तुलना केली गेली, ते कूळ मुंग्यांचे सर्वांत जवळचे नातलग नाही, असे २०१३ साली जनुकीय अभ्यासातून दिसले. मुंग्यांचे जवळचे नाते मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद असलेल्या खणकर माश्यांशी निघाले. नावातली गांधीलमाशी कायम राहिली, नाते मात्र दुसऱ्याच घरी जुळले.

नंदिनी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मला असे विचारायचे आहे की मग समाजाचा प्रश्न शेवटी सुटला कसा? की अजून तसाच आहे?

वारूळ

सुटला, असे म्हणायला हरकत नाही. मात्र न्यू जर्सीत नाही, म्यानमारमध्ये. तिथल्या काचिन प्रांतातल्या हुकाँग खोऱ्यातला तृणमणी सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे स्फेकोमिर्माहून जुना आहे आणि त्यात मुंग्या तुलनेने पुष्कळ मिळतात. त्यात गेरोंटोफॉर्मिका नावाची, स्फेकोमिर्माच्या धाटणीची एक प्रजाती आहे. फिलिप बार्डन आणि ग्रिमाल्डी यांनी २०१६ साली असे तुकडे मांडले ज्यांत एकाच जातीच्या अनेक कामकरी मुंग्या एकत्र अडकल्या आहेत. राळेच्या एका ओघळात एकाच जातीच्या इतक्या बिनपंखी माद्या योगायोगाने सापडत नाहीत. एका तुकड्यात तर दोन वेगळ्या जातींच्या मुंग्या एकमेकींना जबड्यांत धरून आहेत. लढाई चालू असतानाच दोघींवर राळ ओघळली. पुढे २०२२ साली प्रौढ मुंगीसोबत कोश असलेला नमुनाही प्रसिद्ध झाला. कोशाला स्वतःचे पाय वापरता येत नाहीत; तो तिथे आला तो कोणीतरी आणला म्हणून.

आता द्लुस्की यांचा युक्तिवाद आठवा. शृंगिका नीट वळत नाही म्हणून समाज नाही, असा तो होता. शृंगिकेचे वर्णन त्यांनी बरोबर केले होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा टिकला नाही. आखूड दांड्याच्या मुंग्यांनीही पिल्ले सांभाळली. कशी सांभाळली, जबड्यांपुढे शृंगिका कशी आणली, हे मला अजून डोळ्यांसमोर आणता येत नाही.

गंमत म्हणजे याच द्लुस्की यांनी १९९६ साली लंडनच्या संग्रहालयातल्या जुन्या ब्रह्मी तृणमणीतून हायडोमिर्मेक्स या विचित्र मुंगीचे वर्णन केले. तिचे जबडे विळ्यासारखे आणि आडवे न मिटता खालून वर मिटणारे. तिच्या नात्यातल्या सेराटोमिर्मेक्स एलेनबर्गेरी या मुंगीच्या कपाळावर शिंग आहे. २०२० साली बार्डन, विन्सेंट पेरिशो आणि बो वांग यांनी जो तुकडा प्रसिद्ध केला त्यात ही मुंगी झुरळाच्या दूरच्या नात्यातल्या एका पिल्लाला शिंग आणि जबडे यांच्यामध्ये चिमट्यासारखी पकडून आहे. आजच्या चौदा हजारांहून अधिक जातींच्या मुंग्यांत असा जबडा एकीचाही नाही.

प्रश्नचिन्ह

ब्रह्मी तृणमणीविषयी बोलताना एक गोष्ट टाळता येणार नाही. त्या खाणी ज्या भागात आहेत तिथे अनेक वर्षे सशस्त्र संघर्ष चालू आहे आणि २०१७ साली म्यानमारच्या सैन्याने त्यांचा ताबा घेतला. त्यानंतर तिथून बाहेर आलेल्या तृणमणीवर संशोधन छापू नये, असे आवाहन पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संघटनेने २०२० साली नियतकालिकांना केले. कीटकांच्या अभ्यासकांत यावर एकमत नाही. मला स्वतःला असे वाटते की मुंगी कितीही अद्भुत असली तरी ती कोणाच्या हातून आणि कोणत्या किमतीला आली, हे लेखात नोंदले गेलेच पाहिजे.

खडकमाती

पूर्ण सहमत. न्यू जर्सीच्या खाणीत चिखल चाळणारे लोक निदान स्वखुशीने चाळत होते.

एक भर घालतो. सर्वांत जुन्या मुंगीचा मान आता तृणमणीकडे राहिलेला नाही. २०२५ साली ब्राझीलच्या क्रातो येथील चुनखडीतून व्हल्कॅनिड्रिस क्रॅटेन्सिस या मुंगीचे वर्णन झाले. वय सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षे, आणि तीही वर उल्लेख झालेल्या विळाजबड्या मुंग्यांच्याच गटातली. म्हणजे आदिम मुंगी साधी, गांधीलमाशीसारखी असेल ही अपेक्षा घेऊन आपण जितके मागे जातो, तितकी अधिक विक्षिप्त मुंगी समोर येते.

अनघा कोकणातली

भारतात असे काही मिळते का?

मूलद्रव्य

मिळते, पण इतके जुने नाही. गुजरातेत सुरत जिल्ह्यातील वस्तान येथे लिग्नाइटच्या खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा तृणमणी मिळतो. येस रुस्ट, हुकम सिंग, ग्रिमाल्डी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची आहे. आपण धुपात टाकतो ती राळही सालाचीच, त्यामुळे हे घरचेच प्रकरण म्हणायला हवे. त्यात मुंग्या, वाळव्या आणि मधमाश्या आहेत, आणि त्या मुंग्या पुढारलेल्या उपकुळांतल्या आहेत. भारतीय भूखंड आशियाला मिळण्यापूर्वी दीर्घकाळ बेटासारखा एकाकी होता, म्हणून तिथले कीटक जगावेगळे निघतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचे नातलग आशिया, युरोप आणि थेट मध्य अमेरिकेपर्यंत सापडले. स्फेकोमिर्माचा गट मात्र त्यात नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर तो कुठेच दिसत नाही.

अवांतर: कोणी विचारण्याआधीच सांगतो, तृणमणीतून डीएनए मिळत नाही. नव्वदच्या दशकातले तसे दावे पुन्हा पडताळता आले नाहीत आणि २०१३ सालच्या एका प्रयोगात तर तुलनेने ताज्या कोपलमधल्या कीटकांतही तो हाती लागला नाही.

नंदिनी

डीएनए नाही तर नाही, पण माझ्याकडे एक पदक आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात 'अस्सल तृणमणी, लाखो वर्षे जुना' असे सांगून मला विकले होते. आत एक मुंगी आहे. ते अस्सल आहे का हे घरच्या घरी कळेल काय?

वारूळ

पेलाभर पाण्यात अडीच-तीन मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवा आणि पदकाची साखळी व धातूची कडी काढून ते सोडा. काच आणि बरेचसे प्लास्टिक बुडते, तृणमणी तरंगतो. मात्र कोपलही तरंगतो आणि काही प्लास्टिकही तरंगते. तरंगले तर मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, ॲसिटोनचा एक थेंब ठेवा. नखांचा रंग काढायच्या द्रावणात तो असतो. थेंब उडून गेल्यावर जागा कोरडी, पूर्वीसारखी राहिली तर तृणमणी. चिकट झाली तर कोपल. प्लास्टिकही ॲसिटोनने चिकट होऊ शकते, म्हणून तापवलेल्या सुईचे टोक कडेला क्षणभर टेकवून वासही पाहा; राळेचा वास धुपासारखा येतो, प्लास्टिकचा लगेच ओळखू येतो.

नंदिनी

तिन्ही केले. तरंगले. थेंबाची जागा चिकट झाली आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो आता तसाच राहील असे दिसते. सुईला वास धुपाचा आला. म्हणजे चंद्रस.

मग मुलीचे भिंग घेऊन खिडकीशी बसले. मुंगी कुशीवर पडली आहे, एक पाय नाही, पोटापाशी हवेचा बुडबुडा आहे. शृंगिका एकच नीट दिसते. दांडा लांब आहे, डोक्याच्या मागे जातो, आणि पुढे स्पष्ट कोपर आहे.